डाव्या हाताची कवायत

१० ऑक्टोबर, गुरुवार

हेल्मेट बनवणाऱ्या समस्त कारखानदारांचा जाहीर निषेध! (जाहीर म्हणजे ह्या वहीपुरता.) विधात्याने मनुष्यप्राण्याला नाकाच्या दोन्ही बाजूंना जग दिलेलं आहे, ही वार्ता ह्या लोकांपर्यंत अजून पोचलेली नाही. त्यांच्या मते जग फक्त समोर असतं. घोड्याला झापडं लावतात तसं हे शिरस्त्राण — डोक्यावर चढवलं की डावीकडची निम्मी सृष्टी रद्द!

ह्या वर्षातलं हे तिसरं. पहिलं अरुंद म्हणून भाच्याला दिलं, दुसरं अरुंद म्हणून परत केलं. तिसरं दुकानदाराने अक्षरशः माझ्या डोक्यात मारलं. म्हणाला, "साहेब, ह्याच्याहून रुंद हवं असेल तर बादली घ्या."

घरी येऊन ते घालून बायकोला दाखवलं. "छान आहे," ती म्हणाली. "पण एकदा डोळे दाखवून या."

डोळे! हेल्मेट तंग झालं की डोळ्यांचा डॉक्टर. मग बूट चावला तर बहुधा न्हावी. बोललो तसं. हसली नाही. घरात माझ्या विनोदाला हल्ली उठाव नाही.

आत जाताना दाराची चौकट डाव्या खांद्याला लागली. सुतारसुद्धा दारं अरुंद करायला लागले. कट आहे.

१३ ऑक्टोबर, रविवार

अपमान. उघड्यावर, पेट्रोल पंपावर, सर्वांदेखत.

आमचं दुचाकी मंडळ रविवारी भटकायला निघतं तेव्हा रांगेला नियम असतात. सगळ्यात पुढे म्होरक्या. सगळ्यात मागे 'शेपूट' — कुणी मागे पडलं, कुणाचं चाक बसलं, की त्याला गोळा करून आणणारा. जाणता माणूस लागतो तिथे. गेली कैक वर्षं शेपूट मी आहे. (मी स्वतः 'पृष्ठरक्षक' म्हणतो. मंडळ ऐकत नाही.) आणि म्होरक्याच्या लगेच मागची, म्हणजे दोन नंबरची जागा असते कच्च्या लिंबूची! ज्याने गेल्या महिन्यात गाडी घेतली, ज्याला वळणावर घाम फुटतो, त्याला तिथे ठेवतात. म्होरक्याच्या आरशात.

तर आज म्होरक्याने शिट्टी फुंकली आणि म्हणाला, "भाऊजी, आजपासून तुम्ही दोन नंबरला."

म्होरक्या म्हणजे माझा मेहुणा. शाळेत कवायत शिकवतो. रस्त्यावरही तेच करतो. मी त्याला सरसेनापती म्हणतो. मेहुणा व्हायच्या आधी तो माझा वर्गमित्र, त्यामुळे एरवी आमचं अरे-तुरे. 'भाऊजी' फक्त बहिणीसमोर, किंवा काहीतरी गळ्यात घालायचं असेल तेव्हा.

"का रे? काय घडलं?"

"काही नाही. असंच. मागे बेकरीवाली बघेल."

बेकरीवाली मंडळात सर्वांत मोठ्याने हसते. तिच्या डब्यातल्या बिस्किटांवर मंडळाची एकी टिकून आहे. ती ओरडली, "पंडित, बढती झाली की! शेपटावरून थेट मानेवर!"

दिवसभर मेहुण्याची पाठ बघितली. बरी आहे. वर्णन करण्यासारखी नाही.

१४ ऑक्टोबर, सोमवार

आज मेहुण्याशी अबोला धरला. त्याच्या लक्षात आलं नाही. ह्याहून मोठा अपमान कुठला!

२० ऑक्टोबर, रविवार

सरसेनापतींचा डावा हात बिघडला आहे.

रांगेत खुणा असतात. खड्डा आला की पुढचा पाय बाहेर काढतो, थांबायचं तर पंजा वर करतो, आणि प्रत्येकाने ती खूण मागच्याला द्यायची. शिस्त म्हणून ठीक. पण आजचा प्रकार पाहा. डावीकडून गल्ली आली — हात आडवा, पाचही बोटं फाकवून, वर-खाली, वर-खाली. पायवाट आली — हात. कुणाच्या कुंपणाचं फाटक — हात. एका ठिकाणी नुसतीच बकरी उभी होती, तिलाही सलामी. लांबून बघणाऱ्याला वाटावं, हा एका पंखावर उडायचा प्रयत्न करतोय!

चहाला थांबलो तेव्हा मी नक्कल केली. खुर्चीवर बसून, तोंडाने इंजिन वाजवत. बेकरीवालीच्या नाकातून चहा आला. दातांच्या डॉक्टरने चित्रण केलं — ह्याच्या हेल्मेटवर कॅमेरा बसवलेला असतो, आणि तो जेवतानाही उतरवत नाही. उघडलेल्या तोंडात आठवडाभर डोकावायचं, रविवारी जगाकडे बघायचं. दोन्हींत फरक करत नाही तो.

"सावधान झालं, विश्राम कधी?" मी सरसेनापतींना विचारलं.

"तुला दिसल्या ना सगळ्या गल्ल्या?"

"गल्ल्या कशा दिसतील! तुझा हातच आडवा. एवढा हात दाखवलास की पुढच्या महिन्यात स्वप्नातही तोच दिसेल."

"मग बरंय," तो म्हणाला. बिस्कीट चहात धरून बसला. ते तुटून आत पडलं तरी धरूनच होता.

शिवाय नवा फतवा: उजेड मावळायच्या आत सगळे घरी. "आम्ही काय कोंबड्या आहोत का?" — दंतवैद्य उवाच. प्रथमच त्याच्याशी सहमत.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

कचेरीत चहा सांडला. उपसंपादिकेच्या तयार पानावर. नदीवरच्या पुलाची माझीच बातमी वाहून गेली.

"सर, कप समोर होता!"

"समोर नव्हता. डावीकडे होता."

"तेच ते ना, सर."

तेच कसं? समोर ते समोर, डावीकडे ते डावीकडे! भाषेची ही अवस्था. घरी सांगितलं, तर बायकोने नुसता माझा कप उचलून ताटाच्या उजव्या बाजूला ठेवला. मग ध्यानात आलं — घरात चहा उजवीकडेच असतो.

"हे कधीपासून?"

"झाले बरेच दिवस."

गृहिणींच्या मांडणीत पुरुषांनी पडू नये.

२७ ऑक्टोबर, रविवार

आज सरसेनापतींनी मोहीम दगडाच्या खाणीवर नेली.

जायचं होतं तलावाकाठी. सरळ रस्ता बाजारातून जातो, डांबरी, गुळगुळीत. पण म्होरक्याच्या पुढे कुणी जायचं नाही आणि त्याचा रस्ता चुकतोय असं वाटलं तरी त्याच्याच मागे जायचं, हा मंडळाचा आद्य नियम. तेव्हा तो डोंगरामागे वळला आणि आम्ही सगळे शहाणे, शिकलेले, मुलाबाळांचे लोक खडीच्या ढिगांमधून धडधडत गेलो. खाणीवरचा मुकादम छत्री घेऊन बघत उभा होता. त्याने आम्हाला पाहून हात जोडले. स्वागत म्हणून की सुटका म्हणून, कळलं नाही.

बाहेर पडलो तेव्हा सगळे पांढरे. "मला काही नाही," बेकरीवाली म्हणाली, "मी रोजच पिठात असते." दंतवैद्याची नवी लाल गाडी मात्र राखाडी झाली होती. तो हेल्मेट काढून बघतच राहिला. रडेल असं वाटलं.

"बाजारातून का नाही?" मी.

"गल्ल्या फार आहेत तिथे. डावीकडून कुणीही घुसतं."

आता हे वाक्य कुणी संस्कृत शिकलेल्या माणसाच्या हाती देऊ नये! मी तिथेच दगडावर उभा राहून विग्रह केला — "गल्लीभ्यः बिभेति इति गल्लीभीरुः! पंचमी तत्पुरुष!" अर्थ फोड करून सांगावा लागला — गल्ल्यांना भितो तो — पण मग जे हसले! तलावावर पोचेपर्यंत नाव पक्कं. 'गल्लीभीरू, बिस्कीट घे.' 'गल्लीभीरू, ह्या झाडामागे गल्ली नाही ना बघ.'

तोही हसला. जरा उशिरा. मग रुमाल काढून हेल्मेटची काच पुसत बसला. निघताना लक्षात आलं, पुसत होता ते हेल्मेट माझं होतं. त्याचं तसंच, धुळीने माखलेलं.

वेंधळा झालाय. वय.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

दंतवैद्याचा फोन. विषय: सत्तांतर.

पुढच्या आठवड्यात दीपस्तंभाची सफर. वर्षातली ही एकच मोठी सफर. भूमी संपते तिथपर्यंत जाऊन परत. तीन दिवस सरसेनापतींची सलामी बघत जायचं? "ह्यांच्या वेगाने गेलो तर आपण पोचेपर्यंत दीपस्तंभ निवृत्त होईल," दंतवैद्य म्हणाला. बरा विनोद होता. माझा वाटावा असा.

म्होरक्या त्याला व्हायचंय, पण ठराव मी मांडावा अशी इच्छा. "तुम्ही बोललात की लोक हसतात, आणि हसत असले की हात पटकन वर करतात."

माणूस दातांतला असूनही डोक्याने बरा आहे. मी अट घातली — शेपटाची जागा मला परत. मान्य.

फोन ठेवला तर बायको मागे उभी. डावीकडे कुठेतरी होती, मी दचकलोच.

"दादाला काढताय?"

"लोकशाही आहे."

"तो असं का करतो ते एकदा विचारा तरी."

"विचारलं. 'असंच' म्हणाला."

"न हसता विचारा."

हे मात्र अवघड काम सांगितलं.

३ नोव्हेंबर, रविवार

सभा बेकरीच्या मागच्या खोलीत. बसायला मैद्याची पोती. भट्टीची ऊब, आणि ह्या उबेत राज्य उलथलं.

मी बोललो. छान बोललो, स्वतःच म्हणतो. बकरीची सलामी घेतली, खाणीतली मोहीम घेतली, कोंबड्या घेतल्या, शेवट गल्लीभीरूवर केला. पोती हलत होती हसण्याने. हात वर झाले. फक्त बेकरीवालीचा नाही. ती हसतही नव्हती. एवढ्या वर्षांत तिला न हसताना पहिल्यांदा पाहिलं. ओळखू आली नाही क्षणभर.

सरसेनापतींनी गळ्यातली शिट्टी काढली. शर्टाला पुसली आणि दंतवैद्याला दिली. भाषण नाही, काही नाही. एवढंच म्हणाला, "ह्याला दोन नंबरला ठेव."

पुन्हा तेच! पद गेलं तरी पीळ जात नाही! मी उभा राहिलो. "शेपूट मी. ठरलंय."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग दंतवैद्याकडे. "मग मी ह्याच्या जरा पुढे चालवतो. डाव्या अंगाला."

"कुठेही चालवा, सर," दंतवैद्य म्हणाला. "आता तुम्ही मोकळे."

घरी शांतता. ताट वाढलं. कप उजवीकडे. 

९ नोव्हेंबर, शनिवार

मुक्कामाच्या लॉजवर. जेवणाची घंटा व्हायची आहे, तोवर चार ओळी.

स्वातंत्र्य! दंतवैद्य वाऱ्यासारखा चालवतो. खुणा नाहीत, सलामी नाही, बकऱ्यांना भाव नाही. मी मागे, माझ्या जुन्या जागी, राजासारखा.

एकच खडा. डावीकडे पाहावं तर मेहुणा! दिवसभर माझ्या डाव्या अंगाला, दोन हात पुढे. मी हळू केलं की तो हळू. मी दामटलं की तो दामटतो. सासुरवाडी रस्त्यावरही एक बाजू अडवून बसली आहे. आणि अजून गल्ली आली की हात! पद गेलं, हात राहिला. चहाला मी सगळ्यांना हे ऐकवलं. बेकरीवाली म्हणाली, "पंडित, पुरे आता."

तिचं काहीतरी बिनसलंय. बिस्किटंही कमी आणली आहेत.

१० नोव्हेंबर, रविवार

इस्पितळाच्या बाकावर बसून लिहितोय. अक्षर वेडंवाकडं येतंय.

मेहुण्याला अपघात झाला. गळ्याजवळचं हाड आणि डावा पाय. जिवाला धोका नाही, असं दोनदा विचारून खात्री करून घेतली.

झालं ते असं. पूल उतरलो. दंतवैद्य आणि बाकीचे केव्हाच पुढे निघून गेलेले, दिसतही नव्हते. त्यांना गाठायला मी वेग वाढवला. मेहुण्याने डावा हात काढला — नेहमीसारखाच. मी नेहमीसारखाच दुर्लक्षिला. मग त्याने हॉर्न धरून ठेवला, आणि मग गाडी आडवी घातली, सरळ डावीकडच्या रस्त्याच्या तोंडावर. धाड! दुधाची गाडी होती. तिने ब्रेक दाबले, तरी लागलाच त्याला धक्का. कॅन गडगडत आले. रस्ताभर दूध.

मी थांबलो, धावलो, आणि तो दुधात पडलेला असताना त्याच्यावर ओरडलो. हो, ओरडलो. "रांग का मोडलीस? कुठून घुसलास मध्ये?"

दुधाच्या गाडीचा चालक उतरून आला. मला म्हणाला, "साहेब, तुम्ही माझ्याकडे बघितलंच नाहीत. मी दिवा मारला, हॉर्न मारला. तुम्ही सरळ येतच होतात."

म्हटलं, तुम्ही कुठून आलात? तो म्हणाला, "डावीकडून. ह्या रस्त्याने." आणि हात केला.

एवढा मोठा रस्ता. पाटीसकट.

११ नोव्हेंबर, सोमवार

त्याला भेटलो. डावा हात अंगाशी बांधून टाकला आहे. मी म्हणालो, "अखेर विश्राम मिळाला म्हणायचा." सवय. तोंडातून जातं.

तो म्हणाला, "खुर्ची घे. समोर बस. माझ्या नाकाकडे बघ."

"नाक बघण्यासारखं नाही तुझं."

"भाऊजी, बघा."

बघितलं.

"नाकाकडेच हं. डोळे हलवायचे नाहीत. किती बोटं?"

"कुठली बोटं?"

त्याने हनुवटीने बाजूला खूण केली. म्हणून मी मान वळवली. त्याचा उजवा हात माझ्या डाव्या गालाच्या बाजूला, वीतभर अंतरावर. पाचही बोटं फाकवलेली. वर-खाली करत होता.

 पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा आमच्याकडे बघत होता. त्याला काय वाटलं असेल!

"कधीपासून कळलंय तुला?"

"बहिणीने कपाचं सांगितलं, तेव्हापासून आरशात बघायला लागलो. म्हणून तुला दोन नंबरला घेतला. डावीकडून हत्ती आला तरी तुझी मान हलत नाही."

"बेकरीवालीला सांगितलंस?"

"तिला आपलं आपण कळलं. बिस्किटांचा डबा तुझ्या डावीकडे धरला होता तिने. तू म्हणालास, आज बिस्किटं नाहीत का."

"आणि मला सांगायचं सोडून गल्ल्यांना सलाम ठोकत बसलास?"

"घरी सांगत होती ना ती, डोळे दाखवा म्हणून. तू काय म्हणालास? न्हाव्याकडे जातो." तो थांबला. हसायला गेला, हाड दुखलं. "मंडळात बोललो असतो तर दुसऱ्या दिवसापासून तुझं नाव ठेवलं असतं लोकांनी. तू ठेवतोस तसं. म्हटलं, तुला नाही पेलवायचं ते. तू आपणहून जाशील, तोवर आपण हात दाखवू. चूक माझीच आहे. गाडीची किल्लीच काढून घ्यायला हवी होती."

मी काहीतरी म्हणणार होतो. तीन-चार चांगल्या गोष्टी सुचल्याही होत्या. एकही बोललो नाही.

निघताना दाराची चौकट लागली.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

बायकोला विचारलं. न हसता.

म्हणाली, "मागे बसायची तेव्हा तुमचा डावा खांदा थोपटायची ना मी. चौक आला की."

मला वाटायचं, लाडाने.

दंतवैद्याचा फोन होता. दीपस्तंभ छान झाला म्हणे. शिट्टी परत पाठवतोय. गाडीची किल्ली मी बेकरीवालीकडे दिली. तिने मैद्याच्या डब्यात टाकली आणि झाकण लावलं.

१३ नोव्हेंबर, बुधवार

उद्या सकाळी डोळ्यांचे डॉक्टर. बायको सोबत येते आहे. डाव्या बाजूने चालणार म्हणाली.

वर्षभर तिला मागे बसवून फिरलो. डावीकडून काय काय आलं नि थांबलं, मला माहीत नाही. उजवीकडेही असंच होत असेल, तर तेही मला कळणार नाही.

भीती वाटते.